शेवटी येईल तो कॉमन

मोरजकरांचा मला हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल काही चांगलं बोललो, तर ते नाइलाजानं बोललोय हे ध्यानात राहील.

हेवा वाटावा असं त्यांच्याकडे तसं काही नाही. ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोत ते कंट्रोलर होते. गाड्या फलाटाला लावायच्या आणि माइकवरून पुकारा करायचा, हे काम. मी ठाण्यातच एका सरकारी ऑफिसात, बऱ्यापैकी वरच्या खुर्चीत. डोंबिवली पूर्वेला आमची सोसायटी, समोरासमोर दोन इमारती आणि मध्ये सिमेंटचं अंगण. ते बी विंगच्या तळमजल्यावर राहायचे, मी ए विंगच्या दुसऱ्या मजल्यावर. त्यांच्या घरात ऊन यायचं नाही, माझ्याकडे भरपूर. अंगानं बुटके, पोट सुटलेलं, चालताना डावा पाय किंचित फेकायची सवय. असा माणूस जिन्यात भेटला तर आपण जरा बाजूला होतो आणि विसरून जातो. मीही विसरलो असतो. पण दर रविवारी सकाळी हा गृहस्थ माझ्या गॅलरीखाली क्रिकेट खेळायचा.

क्रिकेट म्हणजे अंडरआर्म. रबरी चेंडू खालून टाकायचा, स्टंप म्हणून भाजीचा प्लास्टिकचा क्रेट. एक टप्पा पडून एका हातात झेल घेतला तरी आऊट. पार्किंगच्या खांबाला लागला की दोन रन. आणि मागच्या भिंतीवरून चेंडू थेट पलीकडे गेला तर सिक्स नाही, तोही आऊट. वर ज्यानं मारला त्यानंच जाऊन आणायचा. कारण भिंतीपलीकडे भोईरआजींचं अंगण होतं. आमची सोसायटी जिथे उभी राहिली ती जमीन एके काळी त्यांच्याच भाताची, आणि आता उरलेल्या अंगणात त्यांची सुकट वाळत पडलेली असायची. "बॉल माझे अंगनान आला, तं परत भेटनार नाय," असं त्यांनी सुरुवातीलाच बजावलं होतं. त्यावरून तो नियम झाला.

आणखी एक नियम होता, तो आमच्याकडच्या प्रत्येक गल्लीत असतो. दोन टीम पाडल्यावर एक भिडू उरला तर तो कॉमन. कॉमननं दोन्ही टीमकडून फिल्डिंग करायची आणि दोन्ही टीमकडून बॅटिंग करायची, पण सगळ्यांची झाल्यावर. कॉमन कोणी व्हायचं यावरून भांडणं नकोत, म्हणून आमच्या अंगणात ठरलेलं होतं की शेवटी येईल तो कॉमन. मान नाही, टीम नाही, जिंकल्याचा आनंद नाही. लहानपणी मला एकदा कॉमन ठेवलं होतं, तेव्हा मी बॅट घेऊन सरळ घरी निघून गेलो होतो. बॅट माझी होती.

मोरजकर दर रविवारी कॉमन असायचे.

आता माझ्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, त्याशिवाय हेव्याची चव कळणार नाही. मी खरा क्रिकेटर होतो. सीझन बॉलवर, पांढऱ्या कपड्यांत, ठाण्यातल्या एका क्लबकडून मी तिसऱ्या नंबरवर खेळायचो. कव्हर ड्राइव्ह बघायला लोक थांबायचे असं मी म्हटलं तर ते खोटं ठरेल, पण एक-दोन थांबायचे. सत्तावीस वर्षांचा असताना मला संघातून वगळलं आणि माझ्या जागी एक कोवळा पोरगा घेतला. तो माझ्याहून चांगला होता, हे त्याहून वाईट. मी किट माळ्यावर टाकलं आणि त्यानंतर बॅटला हात लावला नाही. सोसायटीतल्या पोरांना कुठून तरी हे कळलं होतं. सुरुवातीला ती मला बोलवायला यायची. मी म्हणायचो, मी रबरी बॉलवर खेळत नाही. हे वाक्य मला फार भारदस्त वाटायचं. मग मी गॅलरीत खुर्ची टाकून पेपर उघडायचो आणि पेपराच्या वरच्या कडेवरून खाली बघायचो.

मोरजकरांची तयारी शुक्रवारी सुरू व्हायची. शुक्रवारी ते त्यांचे कॅनव्हासचे बूट धुवायचे, शनिवारी त्यांना पांढरं लावायचे आणि खिडकीच्या गजात नाड्या अडकवून वाळत टाकायचे. अंडरआर्मला पांढरे बूट. बाकीची मंडळी स्लीपर घालून खेळायची, एखादा तर अनवाणी. शनिवारी संध्याकाळी ऑफिसातून येताना ते दोन पांढरे बूट गजाला लटकलेले दिसले की माझं डोकं उठायचं. त्यांच्या बायकोलाही तो त्रास होताच. "सकाळी सहापासून बूट घालून पलंगावर बसतात," असं त्या माझ्या बायकोला सांगायच्या, "आणि मला विचारतात, सात वाजले का गं."

खेळायला ते भिकार होते. हे मी हेव्यापोटी म्हणत नाही. चेंडू आला की डोळे मिटायचे, बॅट झाडूसारखी आडवी फिरवायची आणि मग चेंडू कुठे गेला ते इतरांना विचारायचं. बहुतेक वेळा तो मागच्या क्रेटमध्ये असायचा. आऊट झालेला माणूस काय करतो, तर बॅटकडे बघतो, खेळपट्टीकडे बघतो, अंपायरकडे बघतो. मी तर उन्हाकडेही बघायचो. मोरजकर टाकणाऱ्याकडे बघायचे. "काय टाकलास रे, एक नंबर," म्हणायचे, आणि त्याचा हात हातात घेऊन हलवायचे. ते नाटक असावं म्हणून मी पुष्कळ वाट बघितली. एखाद्या रविवारी तरी ते कपाळाला आठी घालतील, निदान क्रेटला लाथ मारतील. कधीच नाही.

वर त्यांची कॉमेंट्री चालायची. डेपोतला तोच आवाज, नाकातून काढलेला, सगळ्या शब्दांवर सारखा जोर देत. सोसायटीतला तेजस नावाचा मुलगा जोरात मारायचा, तेव्हा मोरजकर पुकारायचे, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. तेजस यांनी मारलेला चेंडू पार्किंगमार्गे गेटकडे रवाना होत आहे." स्वतः बाद झाले की, "मोरजकर यांची फेरी रद्द करण्यात आली आहे." गॅलऱ्या-गॅलऱ्यांतून लोक हसायचे. मी पेपर वर धरायचो. हसू येत नव्हतं असं नाही.

मग माझ्या लक्षात एक गोष्ट आली, आणि ती फक्त माझ्याच गॅलरीतून दिसण्यासारखी होती. तळमजल्यावर राहणारा, सहापासून बूट घालून बसलेला हा माणूस शेवटी कसा काय येतो? बी विंगच्या जिन्याखाली मीटरची खोली होती. मोरजकर तिच्या दाराआड उभे राहून बोटांवर माणसं मोजायचे. आपण गेल्यावर एक उरणार असं दिसलं की निवांत बाहेर यायचे, "अरेरे, उशीर झाला का?" आणि कॉमन व्हायचे. पण आपण गेल्यावर जोड्या बरोबर होणार असं दिसलं, तर दारातूनच मान वर करून गॅलऱ्यांकडे बघत पुकारा करायचे, "एक भिडू कमी आहे हो." कमी कोणीच नसायचं. कोणीतरी वरून खाली यायचं, आणि मग त्याच्यामागून मोरजकर.

एवढी लबाडी मी एकदा त्यांना थेट बोलून दाखवली. पाण्याच्या टाकीपाशी भेटले होते. मला वाटलं वरमतील. ते तर खूश झाले, कोणाला तरी कळलं म्हणून. म्हणाले, "सांगू नका हं कोणाला. ही पोरं बघा, आऊट झाली की अर्धा वेळ भिंतीवर बसून मोबाइल बघतात. मी पूर्ण वेळ आत असतो. दोनदा बॅटिंग. तेवढ्याच वेळात डबल."

"पण जिंकता कधीच नाही," मी म्हणालो.

"दर रविवारी जिंकतो की," ते म्हणाले, "एक टीम तर जिंकतेच ना."

मी टाकीचं झाकण बघून परत आलो.

माणूस कायम खूश दिसला की आपल्याला वाटतं, याला काही कमी नसणार. मी त्यांच्या सुखात भोक शोधू लागलो. भोकं होती. डेपोत त्यांना डावलून एका ज्युनिअरला वर चढवलं. आमच्या ऑफिसात माझ्या बाबतीत तेच घडलं होतं, तेव्हा मी महिनाभर घरात धड बोललो नव्हतो. मोरजकरांची बातमी मला सोमवारी कळली. रविवारी मी जरा लवकरच गॅलरीत जाऊन बसलो. आता मजा बघू, असं मी मनात म्हटलं होतं का? म्हटलं होतं. सात वाजता मीटरच्या खोलीचं दार हललं, पांढरे बूट बाहेर आले आणि पुकारा सुरू झाला. नंतर गेटपाशी भेटले तेव्हा मी मुद्दाम तो विषय काढला. ते म्हणाले, "वाईट वाटलं हो. खूप वाटलं. गुरुवारपर्यंत जेवण जात नव्हतं." आणि मग? "मग शुक्रवार आला ना. बूट धुवायचे होते."

त्यानंतरच्या पावसाळ्यात ते डेपोच्या पायरीवरून घसरले आणि पाय प्लॅस्टरमध्ये गेला. आम्ही दोघं भेटायला गेलो, सफरचंदं नेली, मी दोन धीराचे शब्दही बोललो. पण जिना चढताना मला वाटलं, चला, महिना-दीड महिना रविवारी शांतता. हे फार हलकं वाटणं होतं आणि ते मला छान वाटलं. पुढच्या रविवारी पाऊस उघडला आणि खालून आवाज आला, "कृपया लक्ष द्यावे." वाकून बघितलं तर क्रेटच्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीत मोरजकर बसलेले, प्लॅस्टरचा पाय स्टुलावर, हातात स्वयंपाकघरातले गरम भांडी धरायचे जाड मोजे. विकेटकीपर. दोन्ही टीमचे. त्यांच्या बॅटिंगला खुर्ची पुढे सरकवायची आणि पळायला तेजस. त्या दिवशी त्यांनी चार रन काढले, जे त्यांना एरवी कधी जमले नव्हते.

पण हे सगळं मी सहन केलं असतं. पेपर होता, दोन मजल्यांचं अंतर होतं. खरी आग लागली ती माझ्या घरातून.

एका रविवारी माझी बायको, नीता, गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालत होती. खाली मीटरच्या खोलीच्या दारात मोरजकर उभे. जोड्या त्यांना नको तशा बरोबर होत होत्या, हे मला वरून दिसत होतं. त्यांनी मान वर केली. मला वाटलं मला विचारतील आणि मी नेहमीचं वाक्य तयार ठेवलं. ते म्हणाले, "वहिनी, एक भिडू कमी आहे."

नीता चोपन्न वर्षांची. तिला चालायला जा म्हटलं तर तिची टाच दुखते. तिनं तांब्या कठड्यावर ठेवला, ओढणी कमरेला बांधली आणि गेली. मला काही विचारायच्या आत गेली. मी वरून बघत होतो. पहिला चेंडू तिच्या पायाला लागला. दुसरा तिनं मारला आणि बॅट घट्ट धरून तिथेच उभी राहिली. सगळे ओरडले, पळा, पळा. ती पळाली, पण समोरच्या क्रेटकडे न जाता गेटकडे पळाली, जिकडे चेंडू गेला होता तिकडे. आणि मग ती हसायला लागली.

ते हसणं मी ओळखलं. घरात ती हसते, टीव्हीवर हसते, बहिणीशी फोनवर हसते. हे ते नव्हे. यात आधी श्वास अडकतो, मग आवाजच येत नाही, नुसते खांदे हलतात, आणि मग एकदम फुटतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ठाण्याच्या तलावपाळीवर वाऱ्यानं माझ्या हातातली भेळ उडवून माझ्याच चष्म्यावर टाकली होती, तेव्हा ती अशी हसली होती. त्यानंतर मी ते ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं नाही हेही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ते हसणं परत काढलं ते डेपोतल्या माइकवाल्यानं. तेही तिला हसवायचं म्हणून नाही, स्वतःला दोनदा बॅटिंग मिळावी म्हणून.

मग ती दर रविवारी जायला लागली. रविवारचे पोहे शनिवारी रात्रीच्या आमटीभातावर आले. टाच दुखायची थांबली, निदान तिचं नाव निघेनासं झालं. वर आली की घामानं चेहरा लाल, केस विस्कटलेले, आणि बोलणं थांबायचं नाही. "आज मी तेजसला काढला माहितीये? एक टप्पा एक हात. मोरजकर म्हणाले, वहिनींची गाडी वेळेवर आली." मी ऐकायचो आणि मला राहवायचं नाही. मी म्हणायचो, बॅट धरताना कोपर वर ठेव. पाय बॉलच्या रेषेत आण. डोळे शेवटपर्यंत चेंडूवर. चांगल्यासाठीच सांगत होतो. ती दोन-तीन रविवार "हो का?" म्हणाली. मग वर आल्यावर सरळ आंघोळीला जायला लागली. आज काय झालं असं विचारलं तर म्हणायची, "काही नाही, खेळलो."

हा "खेळलो" शब्द मला लागायचा. त्यात मी नव्हतो.

त्या सुमाराला एका संध्याकाळी मी आणि मोरजकर स्टेशनवरून शेअर रिक्षात एकत्र सापडलो. पुलापाशी सगळं ठप्प झालं होतं. त्यांनी विचारलं, "तुम्ही का हो सोडलंत? तेजस म्हणत होता, तुम्ही मोठे प्लेयर होतात." मी आधी उडवून लावलं. मग गाडी हलेना, म्हणून सांगितलं. क्लब, तिसरा नंबर, तो कोवळा पोरगा, माळ्यावरचं किट. बायकोशीसुद्धा मी हे इतकं सविस्तर बोललो नव्हतो. सांगून झाल्यावर मला वाटलं, आता हा म्हणेल की अन्याय झाला, किंवा म्हणेल की जाऊ द्या. दोन्हीसाठी माझी तयारी होती.

मोरजकरांनी विचारलं, "आणि मग रविवारी काय करायचात?"

"काही नाही."

"इतकी वर्षं?"

"हो."

"अरेरे," ते म्हणाले. एखाद्याच्या घरचं वाईट कळल्यावर माणूस म्हणतो तसं, खालच्या आवाजात. उतरताना त्यांनी माझे पैसे देऊ दिले नाहीत. मला त्यांचा इतका राग आला की मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो.

मग सोसायटी पाडून नव्यानं बांधायचं ठरलं. डोंबिवलीत हे कधी ना कधी प्रत्येकाच्या वाट्याला येतं. बैठका झाल्या, भांडणं झाली, सह्या झाल्या, आणि तीन-चार वर्षांसाठी आपापली भाड्याची घरं शोधून बिऱ्हाडं हलायला लागली. आम्ही ठाण्यात जागा घेतली. मोरजकरांना शहाडला स्वस्तात मिळाली. रविवारी माणसं कमी कमी होत गेली. गॅलऱ्यांवरचे कपडे गेले, मग कुंड्या गेल्या, मग ग्रिल काढून नेली.

शेवटच्या रविवारी आमचं अर्धं सामान आदल्या दिवशीच गेलेलं होतं, आणि त्यात माझी गॅलरीतली खुर्चीही गेली होती. पेपरवालाही बंद. मी कठड्याला टेकून उभा होतो. नीता केव्हाच खाली गेली होती. मला येतोस का असं विचारायचं तिनं कधीच सोडून दिलं होतं. मीटरच्या खोलीच्या दारात मोरजकर बोटं मोजत उभे. जोड्या बरोबर होत होत्या. त्यांनी मान वर करून पुकारा केला, "एक भिडू कमी आहे हो." एकही गॅलरी हलली नाही. दोन्ही इमारतींत वर उभा असलेला माणूस मी एकटाच उरलो होतो. त्यांनी पुन्हा पुकारलं, पण या वेळी माइकचा आवाज नव्हता. "एकच," ते म्हणाले, माझ्याकडे बघून.

मी काय विचार केला ते मला आठवत नाही. खुर्ची असती तर बहुतेक बसून राहिलो असतो. मी चालायचे बूट घातले. नाडी बांधायला वेळ लागला, कारण वाकलं की कंबर धरते. तेवढ्यात खाली पोरांचा धीर सुटला. "काका, या ना, किती वेळ," म्हणत तेजसनं मोरजकरांचा हात धरून त्यांना ओढून नेलं आणि एका टीममध्ये टाकलं. त्यानंतर मी पोचलो. मग तेजस म्हणाला, "शेवटी आले. करंदीकरकाका कॉमन."

मोरजकरांच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही. मी नीताकडे बघत होतो. ती माझ्याकडे बघून भुवया उंचावून उभी होती. ती आणि मोरजकर एका टीममध्ये होते.

पहिल्यांदा समोरच्या टीमची बॅटिंग. सगळ्यांची झाल्यावर बॅट माझ्या हातात आली. हलकी, पोरकट बॅट, मुठीला सायकलच्या हँडलचं रबर. टाकायला नीता. तिनं खालून एक सावकाश, उंच, गोल चेंडू सोडला. मी कोपर वर ठेवलं. पाय चेंडूच्या रेषेत नेला. डोळे शेवटपर्यंत चेंडूवर. आणि इतक्या वर्षांनी तो बॅटच्या नेमक्या मधोमध बसला. अंगातून जी लहर जाते ती गेली. चेंडू भिंतीवरून, भोईरआजींच्या आंब्यावरून, थेट पलीकडे. मी बॅट खाली करून उभा राहिलो, टाळ्यांची वाट बघत.

"आऊट," सगळे एकदम म्हणाले.

नियम मी दर रविवारी वरून ऐकत होतो. भिंतीपलीकडे थेट गेला तर आऊट. नीताचा श्वास अडकला, खांदे हलायला लागले, आणि मग ते हसणं फुटलं. तलावपाळीनंतर पहिल्यांदाच माझ्यावर. ती क्रेटला धरून खाली बसली. मी बॅट ठेवून गेटबाहेर पडलो, भिंतीला वळसा घालून भोईरआजींच्या अंगणात गेलो. त्या सुकट चाळत होत्या. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तू पन?" त्या म्हणाल्या, "मना वाटला तू तरी शाना हायस." आणि चेंडू दिला. परत येताना भिंतीपलीकडून ते हसणं अजून ऐकू येत होतं. मी जरा हळूच चाललो.

मग दुसरी टीम आली. मोरजकर पहिल्याच चेंडूवर गेले, डोळे मिटून, झाडू फिरवून. टाकणाऱ्याचा हात हलवला. आणि मग, मी त्यांना ओळखतो त्या सगळ्या वर्षांत पहिल्यांदा, ते भिंतीवर जाऊन बसले. टीममधला आऊट झालेला भिडू जिथे बसतो तिथे. बाकीची मंडळी त्यांच्याशी बोलत होती, ते हो-हो करत होते, पण लक्ष सगळं आत. पुकाराही करत नव्हते. सगळ्यांची झाली आणि मी दुसऱ्यांदा बॅटिंगला निघालो. भिंतीजवळून जाताना ते म्हणाले, "करंदीकर."

मी थांबलो.

"हेवा वाटतो हो तुमचा."

हे ते मनापासून म्हणाले. त्यांच्या कपाळाला आठी होती, जिची मी इतकी वर्षं वाट बघत होतो. मला असं कोणी कधी म्हटलेलं नव्हतं. काहीतरी परत बोलायला हवं होतं, ती वेळही होती, पण तेजस ओरडला, "काका, चला," आणि मी गेलो. किती रन काढले ते आठवत नाही. भिंतीपलीकडे मारला नाही एवढं नक्की.

दुपारी त्यांचा टेम्पो गेला. ड्रायव्हरशेजारी ते, मांडीवर बूट, वर्तमानपत्रात गुंडाळलेले.

त्यानंतर त्यांना बघितलं ते अगदी परवा-परवा. ठाण्याच्या नव्या जागेत अंगण नाही, चार मजली पार्किंग आहे. रविवारी आम्ही दोघं एकमेकांसमोर पोहे खायचो. एकदा नीता म्हणाली, "शहाडला बोलावलंय त्यांनी. येणार असशील तर." मी म्हणालो, बघू. आणि शुक्रवारी मी माझे बूट धुवून टाकले.

शहाडला नदीच्या अलीकडे एक मोकळा प्लॉट आहे, कंपाउंड घातलेला, मोडकं गेट. रिक्षातून उतरतानाच पुकारा ऐकू आला. अनोळखी पोरं, एक-दोन बायका, आणि मध्यभागी पांढरे बूट. थोडे आणखी बुटके दिसले मला, आणि पाय जास्त फेकत होते. एक जण बाद झाला, दुसरी टीम आत आली, मोरजकर तिथेच. इथेही कॉमन. माणूस इतक्या लवकर दुसरीकडे आपली जागा कशी करून घेतो, म्हणून मला पुन्हा पहिल्यासारखा हेवा वाटला. मग मी माणसं मोजली. आम्ही दोघं धरली तरी एक उरणारच होता. शेवटी येईल तो.

तेवढ्यात त्यांनी आम्हाला बघितलं. हात पसरत, पाय फेकत गेटबाहेर आले. "या, या, वहिनी. करंदीकर, वा वा. चला, चला आत." नीता ओढणी बांधत आत गेलीसुद्धा. मोरजकर बाजूला झाले आणि त्यांनी मला हात दाखवला. "चला ना. तुम्ही पाहुणे. आधी तुम्ही."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, बोटांवर काहीतरी मोजत होते.

मी खाली वाकलो आणि बुटाची नाडी बांधायला घेतली. कंबर धरली, पण वाकलो. मग माझ्या शेजारी एक पांढरा बूट पुढे आला, आणि मोरजकरही हुं करत खाली वाकले.

"करंदीकर," ते म्हणाले, "तुमची नाडी तर बांधलेली आहे."

"तुमचीही," मी म्हणालो.

आतून नीतानं हाक मारली, येताय का दोघं. मग तिनं बहुतेक गेटकडे बघितलं असावं, कारण आधी काहीच ऐकू आलं नाही, आणि मग ते हसणं आलं. आम्ही दोघांनीही मान वर केली नाही. मी नाडी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतली.